सबस्क्रिप्शनमधली वस्तू आपोआप बदलणारं अ‍ॅप: सात महिन्यांचा अनुभव

हे अ‍ॅप मी का घेतलं ते आधी सांगते, म्हणजे ज्यांना त्याची गरज नाही त्यांचा वेळ वाचेल. माझ्या ऑनलाइन दुकानात साबण, डिटर्जंटचे रिफिल आणि वॉटर फिल्टरची कार्ट्रिज मिळतात. निम्म्याहून जास्त ग्राहक सबस्क्रिप्शनवर आहेत. एका उत्पादकाने कार्ट्रिजचं जुनं मॉडेल बंद केलं आणि त्याच मापाचं नवं आणलं. दुकानाच्या पानावर नवं मॉडेल लावायला पाच मिनिटं लागली. पण चालू सबस्क्रिप्शनमध्ये जुनंच मॉडेल ठाण मांडून बसलं होतं. एकेक सबस्क्रिप्शन उघडायचं, जुनी ओळ काढायची, नवी घालायची, सेव्ह करायचं. पहिल्या रात्री कशीबशी चाळीस झाली, आणि त्यातही दोघांचे दोन नग मी एकावर आणून ठेवले होते. ते मला ग्राहकांनी सांगितलं.

ज्यांनी नुकतंच सबस्क्रिप्शन सुरू केलंय त्यांच्यासाठी थोडं थांबते, कारण सगळा घोळ इथेच आहे. दुकानातलं उत्पादन बदललं की सबस्क्रिप्शनही बदलेल असं वाटतं. तसं होत नाही. शॉपिफाय या ऑनलाइन दुकान चालवण्याच्या प्रणालीवर चालू सबस्क्रिप्शनला काँट्रॅक्ट म्हणतात आणि त्याच्या प्रत्येक ओळीत व्हेरिएंट (वस्तूचा नेमका प्रकार: माप, वास वगैरे), नग आणि दर स्वतंत्र नोंदलेले असतात. वूकॉमर्स या तशाच दुसऱ्या प्रणालीच्या सबस्क्रिप्शनचंही तसंच: रिन्यूअलची, म्हणजे पुढच्या खेपेची, ऑर्डर सबस्क्रिप्शनमधल्या ओळींवरून बनते, दुकानातल्या आजच्या दरावरून नाही. ग्राहकाच्या दृष्टीने हे बरंच आहे, कारण त्याचा दर गुपचूप वाढत नाही. पण बंद झालेली वस्तूही त्याच न्यायाने ओळीत बसून राहते आणि रिन्यूअलच्या दिवशी कळतं की पाठवायला काही नाही.

अ‍ॅपचं काम सोपं आहे. जुना व्हेरिएंट निवडा, नवा निवडा, दर जुना ठेवायचा की नवा ते सांगा, आणि बदल केव्हा व्हावा ते ठरवा: लगेच, ठरावीक तारखेला, की स्टॉक शून्य झाला की. लागू करण्याआधी कोणाकोणाचं काय बदलणार याची यादी समोर येते. या यादीसाठीच मी पैसे देते असं म्हटलं तरी चालेल. पहिल्याच वेळी तिने वाचवलं: मी ‘नवा दर लावा’ निवडलं होतं आणि अ‍ॅपने सबस्क्रिप्शनची सवलत न धरता पूर्ण दर लावला होता. यादीतले आकडे फुगलेले दिसले म्हणून थांबले. कार्ट्रिजचा उरलेला सगळा बदल मग चहा पिऊन होईस्तोवर झाला, आणि एकही तक्रार आली नाही. जुनं आणि नवं खरोखर एकच काम करत होतं, ते त्याच नळीला बसत होतं आणि तितकेच महिने टिकत होतं.

तिथून पुढे मला जरा जास्तच विश्वास वाटू लागला.

स्टॉक शून्य झाल्यावर आपोआप बदल, हा नियम ऐकायला इतका छान वाटतो की मी तो सगळ्या साबणांना लावला. एका साबणाचा माल दोन दिवस उशिरा आला. दोन दिवसांत ज्यांचं रिन्यूअल नव्हतं त्यांचंसुद्धा सबस्क्रिप्शन दुसऱ्या साबणावर गेलं, कारण नियम ओळ बदलतो, फक्त त्या वेळची ऑर्डर नाही. माल आला, पण ग्राहक परतले नाहीत. अ‍ॅपमध्ये परतीची वाट नाही. उलटा नियम लिहावा लागतो, आणि तो लिहिला की ज्यांनी मुळातच दुसरा साबण निवडला होता तेही सोबत ओढले जातात. हातानेच सोडवलं. आता हा नियम मी फक्त कायमच्या बंद झालेल्या वस्तूंना लावते. माल उशिरा येणार असेल तर बिलिंगची तारीख चार दिवस पुढे ढकलते. त्यावर आजवर कुणी रागावलेलं नाही.

दुसरा प्रकार यापेक्षा वाईट होता आणि त्यात चूक अर्धी माझी. अ‍ॅपमध्ये एसकेयू, म्हणजे दुकानदार वस्तूला देतो तो कोड, देऊन एकदम बरेच नियम भरता येतात. पण एसकेयू वेगळेच असतील याची हमी कुणी देत नाही. शॉपिफायवर दोन व्हेरिएंटना एकच एसकेयू देता येतो. माझ्याकडे सुगंधी आणि बिनसुगंधी द्रव साबणांना, कधीतरी घाईत कॉपी केल्यामुळे, एकच एसकेयू पडला होता. अ‍ॅपने त्यातला पहिला उचलला. बिनसुगंधी घेणाऱ्यांना सुगंधी गेला. हे लोक बिनसुगंधी साबण आवड म्हणून घेत नाहीत. एका बाईंच्या मुलाला सुगंधाने पुरळ येतं, म्हणून त्या सुरुवातीपासून तोच साबण घेत होत्या. त्यांनी बाटली उघडायच्या आधी वास ओळखला, म्हणून निभावलं. त्यांनी फोनवर शांतपणे विचारलं, “तुम्ही मला विचारलं का नाही?” माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ग्राहकाला कळवण्याचा ईमेल अ‍ॅपमध्ये आहे, पण तो मुळात बंद असतो आणि मी तो चालू केलाच नव्हता.

मी त्या दिवशी कानाला खडा लावला. सुगंध, घटक, त्वचेला लागणारं काहीही: यात आपोआप बदल नाही. ग्राहकाला आधी ईमेल, त्यात तीन बटणं: बदल चालेल, या वेळी वगळा, सबस्क्रिप्शन थांबवा. उत्तर आलं नाही तर वगळते. उत्तर न येणं म्हणजे होकार, अशी सोय अ‍ॅपमध्ये आहे. कार्ट्रिजला ती ठीक आहे, पण साबणाला मी ती लावत नाही.

नगांचा घोळ मला फार उशिरा कळला. डिटर्जंटचं छोटं पाकीट बंद होऊन दुप्पट आकाराचं आलं. नियमाने एकाला एक बदललं आणि कालावधी तोच ठेवला. म्हणजे ग्राहकाच्या घरी दर महिन्याला दुप्पट डिटर्जंट. पहिल्या महिन्यात कुणी काही बोललं नाही, तिसऱ्या महिन्यात सबस्क्रिप्शन रद्द व्हायला लागली आणि रद्द करण्याचं कारण सगळ्यांचं एकच: ‘खूप साठलंय’. वस्तू बदलली की वापराचा वेग बदलत नाही. बदलतं ते पुरण्याचं गणित. अ‍ॅपमध्ये नगांचं गुणोत्तर देता येतं, कालावधीचं नाही. त्यामुळे अशा ठिकाणी मी आता आधी कालावधी बदलते आणि मग वस्तू. जड पाकिटामुळे पाठवण्याचा खर्चही वाढला होता, पण काँट्रॅक्टमध्ये डिलिव्हरीची रक्कम वेगळी नोंदलेली असते आणि ती आपसूक हलली नाही. तो फरक काही महिने मी सोसला.

छोट्या गोष्टी पटकन सांगते. थांबवलेली सबस्क्रिप्शन अ‍ॅप धरत नाही. चार महिन्यांनी एकीने आपलं सबस्क्रिप्शन पुन्हा सुरू केलं आणि तिच्या ओळीतून बंद झालेलं जुनं कार्ट्रिज भुतासारखं उठलं. आता दर महिन्याला थांबवलेल्यांची यादी वेगळी चाळते. ज्यांनी सहा महिन्यांचे पैसे आधीच भरलेत त्यांच्या पुढच्या खेपा पहिल्या ऑर्डरसोबतच बनून ठेवलेल्या असतात, त्यामुळे काँट्रॅक्ट बदलून त्या बदलत नाहीत. त्या ऑर्डरमध्ये जाऊन बदलाव्या लागतात. एक नियम दुसऱ्या नियमाला जोडला गेला तर अ‍ॅप साखळी चालवतं, आणि तिसऱ्या टोकाला काय निघेल ते आधी कागदावर काढलेलं बरं. ‘अ’चा ‘ब’ आणि ‘ब’चा ‘अ’ असे दोन नियम एकाच वेळी ठेवून बघू नका. मी बघितलंय.

मदत कक्षाबद्दल: उत्तर येतं, दोन दिवसांनी, नम्रपणे, आणि पहिल्या उत्तरात नेहमी मदतपुस्तिकेची लिंक असते. दुसऱ्या उत्तरात माणूस भेटतो. कालावधीच्या गुणोत्तराची सोय करा असं मी तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा ‘टीमला कळवलं आहे’ आलं.

घ्यावं का? सबस्क्रिप्शन पन्नासच्या आत असतील तर नको, हाताने होतं आणि प्रत्येक ग्राहक नजरेखालून जातो. त्याहून जास्त असतील आणि तुमच्या वस्तू सुटे भाग किंवा ठरलेल्या मापाच्या असतील, तर डोळे झाकून नाही पण निर्धास्त घ्या. लोक वस्तू निवडून, वास घेऊन, त्वचेला लावून ठरवत असतील, तर यादी काढण्यापुरतं घ्या आणि शेवटचं बटण स्वतः दाबा.

मी ते काढणार नाही. पुढच्या महिन्यात आणखी एक रिफिल बंद होतंय. त्याचा नियम लिहून ठेवलाय, सध्या बंद अवस्थेत. एसकेयू तीनदा तपासलेत, कालावधी आधीच बदललाय, ईमेल गेलेत. बावीस जणांची उत्तरं यायची आहेत, त्यातल्या सहांना आज फोन करायचाय.