घरी जुळवलेला नॅस, अकरा महिन्यांनंतर: लाल घंटा वाजली की डिस्कला शेवटी हात लावा

नॅस म्हणजे घरच्या नेटवर्कवरून सगळ्यांना फायली पुरवणारं साठवणीचं मशीन. आधी ते मशीन सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. इंटेल आय३-१०१००, १६ जीबी रॅम, चार सॅटा सॉकेट असलेला साधा मदरबोर्ड, ४ टीबीच्या चार हार्ड डिस्क आणि ट्रूनॅस स्केलसाठी (नॅस चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिम) वेगळी १२८ जीबी एसएसडी. डिस्क दोन-दोनच्या मिरर जोड्यांत आहेत, म्हणजे जोडीतल्या दोन्ही डिस्कवर तोच डेटा असतो. दोन्ही जोड्या मिळून एक पूल. हातात येते ८ टीबी जागा (पडद्यावर ती ७.२ च्या आसपास दिसते, कारण तिथली मोजणी १०२४ च्या पटीत असते). एसएसडीने एक सॉकेट खाल्लं, त्यामुळे चौथ्या डिस्कसाठी सॅटा कार्ड लावावं लागलं. अर्धा त्रास त्या कार्डाने दिला.

अकरा महिन्यांत ट्रूनॅसच्या पानावर वरच्या कोपऱ्यातली इशाऱ्यांची घंटा बऱ्याचदा लाल झाली. प्रत्येक इशाऱ्यात कुठल्या ना कुठल्या डिस्कचं नाव होतं. खरोखर खराब निघालेली डिस्क मात्र एकच.

सगळ्यात घाबरवणारा संदेश म्हणजे ‘एका किंवा अधिक डिव्हाइसवर अनरिकव्हरेबल एरर’. वाचून वाटतं, फोटो गेले. पण त्याच्याच पुढचं वाक्य सांगतं की दुरुस्तीचा प्रयत्न झाला आहे आणि ॲप्लिकेशनवर परिणाम नाही. अर्थ एवढाच की त्या डिस्कने नीट डेटा दिला नाही, झेडएफएसने (ट्रूनॅसची फाइल सिस्टिम) तो जोडीतल्या दुसऱ्या डिस्ककडून घेतला आणि पहिलीवर पुन्हा लिहिला. खरी भीती वेगळ्या संदेशाची बाळगायची: ‘पर्मनंट एरर्स’ आणि खाली फायलींची नावं. ‘झेडपूल स्टेटस -व्ही’ दिलं की ती यादी दिसते. त्या फायली बॅकअपमधून परत आणायच्या, दुसरा इलाज नाही.

आता एक प्रसंग जवळून पाहू. शेलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, ‘झेडपूल स्टेटस -एल’ दिलं. त्यातला ‘एल’ मोठ्या लिपीतला. तो नसेल तर डिस्कच्या जागी लांबलचक ओळख क्रमांक येतात आणि काही कळत नाही. एसडीसीसमोर (हे सिस्टिमने डिस्कला दिलेलं नाव) रीड ३, राइट ०, चेकसम १७, म्हणजे १७ वेळा वाचलेला डेटा पडताळणीत जुळला नाही. मग ‘स्मार्टसीटीएल -ए’ने त्याच डिस्कची कुंडली, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवत असलेल्या तब्येतीच्या नोंदी, काढली. ५ नंबरची नोंद, म्हणजे बदललेले सेक्टर (डिस्कवरचे डेटाचे छोटे कप्पे): ०. १९७, म्हणजे वाचता न आल्यामुळे अडकून पडलेले सेक्टर: ०. १९८, म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तपासणीतही वाचता न आलेले सेक्टर: ०. आणि १९९, म्हणजे यूडीएमए सीआरसी एरर (केबलवरून जाताना बिघडलेला डेटा): ८६. निदान इथेच झालं. पहिले तीन आकडे चकतीविषयी बोलतात, १९९ फक्त डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वाटेविषयी. ‘डीमेसेज’मध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदवहीत, त्याच वेळेला ‘हार्ड रिसेटिंग लिंक’च्या ओळी होत्या आणि त्यांच्याखाली कर्नलने लिंकचा वेग ६ गिगाबिटवरून ३ वर उतरवल्याची नोंद. डिस्क धडधाकट होती, सॅटा केबल सैल होती.

केबल बदलताना लोक उत्साहात केबल, सॉकेट आणि डिस्कची जागा एकदम बदलतात. मग एरर थांबते, पण कशाने थांबली ते कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट हलवा. संशयित डिस्कची डेटा केबल शेजारच्या चांगल्या डिस्कला लावा, शेजारची इकडे. बोर्डाकडची टोकंही अदलाबदल करा, म्हणजे सॉकेट तीच राहतात आणि बदलते ती फक्त केबल. वाढ केबलबरोबर सरकली तर केबल गेली. नाही सरकली तर पुढच्या खेपेला फक्त सॉकेट बदला: वाढ सॉकेटवरच राहिली तर बोर्ड किंवा कार्ड, डिस्कबरोबर गेली तर डिस्कचं कनेक्टर. त्यानंतर ‘झेडपूल क्लिअर’ देऊन झेडएफएसचे आकडे पुसायचे आणि स्क्रब, म्हणजे सगळा डेटा वाचून पडताळणं, लावायचा. इथे साडेतीन टीबी डेटाला स्क्रब चार ते पाच तास घेतो. १९९ चा आकडा कधीच खाली येत नाही, म्हणून दुरुस्तीच्या दिवशीचा आकडा लिहून ठेवा. ८६ चा ८६ राहिला तर काम फत्ते. केबल घेताना लोखंडी क्लिपवाली घ्या, आणि कॅबिनेटचं झाकण लावताना ती दाबून काटकोनात मोडत नाही ना ते बघा.

एसडीसी, एसडीडी या नावांवर विसंबू नका. रीबूटनंतर ती बदलू शकतात. प्रत्येक डिस्कच्या दर्शनी बाजूला सिरीयल नंबरचे शेवटचे चार अंक लिहिलेली पट्टी चिकटवा. मिररमधली चांगली डिस्क उपटून खराब डिस्क आत ठेवणं ही चूक फार सोपी आहे.

दोन डिस्कवर एकाच मिनिटाला एरर आली, तर दोन्ही डिस्क एकदम मेल्या असं समजू नका. त्यांच्यात सामाईक काय आहे ते शोधा. बहुतेक वेळा दोघी एकाच पॉवर वायरीवर किंवा एकाच कार्डावर असतात. स्वस्तातल्या बहुपोर्टी सॅटा कार्डांवर एक छोटी कंट्रोलर चिप आणि तिच्यामागे जेएमबी५७५ सारखा पोर्ट मल्टिप्लायर (एका पोर्टचे अनेक करणारी चिप) असतो. एक डिस्क अडली की कार्ड अख्खी लिंक रिसेट करतं आणि शेजारच्या निरोगी डिस्कलाही फटका बसतो. कधी पूल थेट ‘सस्पेंडेड’ होतो आणि रीबूटशिवाय सुटत नाही. एएसएम११६६ (सहा पोर्ट) किंवा जेएमबी५८५ (पाच पोर्ट) चिपचं कार्ड घ्या. त्यांचे सगळे पोर्ट चिपचे स्वतःचे असतात. कार्ड बदलल्यापासून इथे त्यावरच्या चौथ्या डिस्कची लिंक रिसेट होणं थांबलं. जुनं सर्व्हरचं एलएसआय ९२११-८आय हेही उत्तम, पण आयटी मोडचं फर्मवेअर (डिस्क रेडमध्ये न गुंतवता थेट सिस्टिमला दाखवणारं) हवं आणि त्याच्या हीटसिंकवर पंख्याची हवा हवीच. ते ज्या सर्व्हरसाठी बनलं तिथे वारा सुसाट असतो, आपल्या कॅबिनेटात नसतो.

पॉवरचं म्हणाल तर साडेतीन इंची डिस्क फिरायला सुरुवात करताना १२ व्होल्टवर साधारण २ अँपिअर ओढते. चार डिस्क एकदम सुरू झाल्या की ८ अँपिअर, म्हणजे शंभरेक वॅटचा क्षणिक झटका. जुन्या एसएमपीएसला हा झेपला नाही तर बूट होताना एखादी डिस्क गायब दिसते आणि दुसऱ्यांदा चालू केलं की हजर होते. अशा लपंडावात डिस्कला दोष देण्याआधी तिला वेगळ्या पॉवर वायरीवर लावून बघा. मोलेक्सवरून (जुन्या पद्धतीचा चार पिनांचा पॉवर कनेक्टर) सॅटा काढणारं, प्लास्टिक ओतून बनवलेलं ‘वाय’ कनेक्टर तर घरात ठेवूच नका. त्यात आत तारा जवळ येऊन वितळण्याची, जळण्याची तक्रार जुनी आहे. वायर दाबून बसवलेलं, मागे टोपी उघडणारं घ्या.

आता खरी खराब डिस्क. इशारा होता ‘८ करंटली अनरीडेबल सेक्टर्स’. १९७ मध्ये ८, आठवड्याने २४. ‘स्मार्टसीटीएल -टी लाँग’, म्हणजे पूर्ण डिस्कची लांब चाचणी, लावली. ४ टीबीला ती सात-आठ तास चालते, पण इथे पहिल्या दहा टक्क्यांतच ‘रीड फेल्युअर’ म्हणून थांबली. मग चर्चा संपली. एकदा ८ येऊन पुन्हा शून्यावर गेलेला आकडा चालतो, कारण त्या जागी नव्याने लिहिलं की सेक्टर एकतर सुधारतो किंवा बदलला जातो. वाढत जाणारा आकडा चालत नाही. सीगेटच्या डिस्कमध्ये १ आणि ७ नंबरचे कच्चे आकडे कोटींत दिसतात, त्याने दचकू नका. ती त्यांची लिहिण्याची पद्धत आहे.

बदलण्याची रीत: स्टोरेजमध्ये मॅनेज डिव्हाइसेस, ती डिस्क निवडून ऑफलाइन, मशीन बंद, सिरीयल ताडून डिस्क बदल, चालू करून रिप्लेस. नवी डिस्क लावण्याआधी तिचीही लांब चाचणी घ्या. आणि खरेदीआधी ती सीएमआर (लिखाणाचे पट्टे एकमेकांवर न चढणारी) आहे का ते मॉडेल नंबरावरून तपासा. एसएमआर डिस्कवर (जिच्यावर ते पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढतात) रिसिल्व्हर, म्हणजे नव्या डिस्कवर डेटा भरणं, रेंगाळतो, कधी मध्येच डिस्क बाद ठरवली जाते. २०२० मध्ये नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्कही एसएमआर असल्याचं उघड झालं होतं, त्यामुळे खोक्यावरच्या ‘नॅस’ शब्दावर जाऊ नका.

मिररच्या दोन्ही बाजूंना चेकसमचा सारखाच आकडा दिसला तर संशय रॅमवर. डेटा डिस्कवर जाण्याआधीच बिघडलेला असतो. बायोसमधलं एक्सएमपी (रॅमचा वेग वाढवणारी सेटिंग) बंद करा, मेमटेस्ट८६+ चे चार फेरे रात्रभर होऊ द्या. एकही लाल ओळ आली तरी ती पट्टी बाद. खोडरबरने रॅमचे सोनेरी पाय घासण्याचा आपल्याकडचा उपाय पावसाळ्यात, विशेषतः कोकणातल्या दमट हवेत, खरंच लागू पडतो. फक्त कीस झटकून मगच बसवा.

वीज गेल्यावर झेडएफएस मोडत नाही, फार तर शेवटच्या पाचेक सेकंदांचं लिखाण जातं. पण घरच्या इन्व्हर्टरचा खटका साध्या मोडवर असेल तर अदलाबदलीच्या क्षणात मशीन रीबूट होतं. खटका यूपीएस मोडवर टाका. वेगळा यूपीएस घेणार असाल तर त्याला डेटाचं यूएसबी पोर्ट आहे का ते विचारा. बऱ्याच स्वस्त ६०० व्हीएवाल्यांना ते नसतंच, मग मशीनला वीज गेल्याचं सांगणार कोण? ‘कम्युनिकेशन्स विथ यूपीएस लॉस्ट’ सारखं येत असेल तर ड्रायव्हर चुकलेला असू शकतो. यूएसबीएचआयडी हा ड्रायव्हर चालत नसेल तर एनयूटीड्रव्ह_क्यूएक्स लावून बघा.

विंडोजकडून येणाऱ्या एररांचा सर्व्हरशी संबंध कमीच. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून पासवर्डशिवायचा गेस्ट शेअर उघडत नाही आणि ‘तुमच्या संस्थेचं धोरण’ असं काहीतरी घरच्या लॅपटॉपवर दिसतं. विंडोजची सेटिंग ढिली करत बसू नका, ट्रूनॅसवर युजर बनवून पासवर्ड द्या. एकाच सर्व्हरवर दोन युजरनावांनी गेलात तर १२१९ नंबरची एरर येते. ‘नेट यूज * /डिलीट’ दिलं की जाते.

अपडेट तपासताना ‘सर्टिफिकेट अजून वैध नाही’ असं आलं तर आधी घड्याळ बघा. जुन्या बोर्डाची सीआर२०३२ बॅटरी संपली की वीज गेल्यावर तारीख काही वर्षं मागे जाते. बॅटरी बदला, बायोसमध्ये वेळ लावा. तिथेच सॅटा एएचसीआयवर (डिस्क सरळ दाखवणारा मोड) आहे ना तेही बघून घ्या, कारण बॅटरीबरोबर बायोसच्या बाकी सेटिंगही पुसल्या गेलेल्या असतात.