डार्कस्टॉकर्स घ्यायचाय, पण हंटर की सेव्हिअर?

‘डार्कस्टॉकर्स कुठून सुरू करू?’ असं कुणी विचारलं की आधी नावांचा गुंता सोडवावा लागतो. कॅपकॉम कंपनीची ही भुताखेतांची फायटिंग गेमची मालिका जपानमध्ये ‘व्हॅम्पायर’ म्हणून ओळखली जाते. १९९४ चा पहिला ‘डार्कस्टॉकर्स’. १९९५ चा दुसरा ‘नाइट वॉरिअर्स’, जपानी नाव ‘व्हॅम्पायर हंटर’. आणि १९९७ चा तिसरा ‘व्हॅम्पायर सेव्हिअर’. खेळणारे सरळ हंटर आणि सेव्हिअर म्हणतात, मीही तेच म्हणतो.

पहिला गेम आता चवीपुरताच. त्यात सुपरची, म्हणजे खास जोरदार फटक्यांची पट्टी भरली की ती आपोआप उतरायला लागते, म्हणजे साठवून ठेवायची सोयच नाही. दोन तास खेळा, पात्रं बघा, पुढे चला.

पात्रं मात्र निवांत बघा. व्हॅम्पायर दिमित्री, माणूस-लांडगा टॅलबेन, ममी अनाकारिस, फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसावर बेतलेला व्हिक्टर, ही जुन्या भयपटांतली मंडळी. माझा जीव पूर्वेकडच्या भुतांवर. बिशामोन हा झपाटलेलं चिलखत अंगावर चढलेला सामुराई. हे नाव जपानी देव बिशामोनतेनचं, आणि तो म्हणजे बौद्ध धर्मासोबत तिकडे पोचलेला आपला वैश्रवण, अर्थात कुबेर! हंटरमध्ये आलेली शिएन-को ही चिनी लोककथांतली जिआंगशी, अंग ताठरल्यामुळे उड्या मारत चालणारं प्रेत. तिच्या टोपीवरून कपाळावर जो मंतरलेला कागद लोंबतो, तो कागद म्हणजेच तिची जुळी बहीण मेई-लिंग. हे कळल्यापासून मला तिला मार खाताना बघवत नाही.

आता मुद्द्याचं. हंटर हा ‘स्ट्रीट फायटर २’ खेळलेल्या माणसाला पटकन उमगतो. राउंड आहेत, मध्ये श्वास घ्यायला जागा आहे, चौदा पात्रं आहेत आणि सुपरच्या पट्टीचा साठा टिकतो. हलक्या बटणापासून जड बटणापर्यंत ओळीने दाबत गेलं की फटके साखळीसारखे जोडले जातात, त्यामुळे पहिल्याच संध्याकाळी हाताला काहीतरी लागतं.

सेव्हिअरमध्ये राउंडच नाहीत. तुमची जिवाची एक पट्टी संपली की तुम्ही पडता, उठता आणि लढत तिथूनच पुढे चालू. जिंकणाऱ्याची पट्टी मात्र आहे तितकीच राहते, भरून मिळत नाही. कागदावर हे किरकोळ वाटतं. मावसभावाबरोबर एका सोफ्यावर खेळताना त्याचा अर्थ कळला: मी पडलो, ‘चला, पुढचा राउंड’ म्हणून पॅड (हातातला कंट्रोलर) मांडीवर ठेवला आणि उठायच्या आत त्याचं पात्र, मॉरिगन, माझ्या डोक्यावर. शिवाय एकाच ताकदीचा ठोसा आणि लाथ एकदम दाबली की ‘डार्क फोर्स’ सुरू होतो, म्हणजे थोड्या वेळापुरती त्या पात्राची खास ताकद. मॉरिगनने तो लावला की तिची प्रतिमा तुमच्या पाठीमागे उभी राहते आणि मॉरिगन करेल ते आरशासारखं करते. दोन्ही बाजूंनी मार. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी बचाव सोडून नुसता बघत बसलो होतो.

म्हणून माझा कौल असा: नियमित खेळायला समोर हक्काचं कुणी असेल तर सेव्हिअर, डोळे झाकून. एकटे शिकणार असाल, मशीनशी खेळणार असाल, तर आधी हंटर. थेट सेव्हिअरमध्ये ऑनलाइन उडी घेतलीत तर समोर बहुतेक वेळा वर्षानुवर्षं मुरलेला गडी भेटतो, आणि आपण का हरलो हेही कळत नाही.

एक अडचण आहे. हंटरमधला डोनोव्हन, तो गळ्यात जपमाळेचे मोठाले मणी घातलेला अर्धा व्हॅम्पायर, सेव्हिअरच्या आर्केड (नाणं टाकून खेळायच्या मशीनवरच्या) आवृत्तीत नाही. हुइट्झिल आणि पायरॉनही गेले. बदल्यात जेडा, लिलिथ, क्यू-बी आणि बी. बी. हूड आले. ही हूड म्हणजे गोष्टीतली लाल टोपीवाली पोर, फक्त हिच्या टोपलीत खाऊऐवजी हत्यारं. डोनोव्हनच हवा आणि सेव्हिअरची लढतही हवी, तर जपानपुरत्या निघालेल्या ‘व्हॅम्पायर हंटर २’ किंवा ‘व्हॅम्पायर सेव्हिअर २’ कडे वळा. ‘सेव्हिअर २’मध्ये टॅलबेन, रिकुओ आणि सॅस्क्वॉच ही पात्रं नाहीत, एवढं लक्षात ठेवा.

खरेदी करताना फार विचार नको. २०२२ चा ‘कॅपकॉम फायटिंग कलेक्शन’ घ्या. दहा गेमपैकी पाच याच मालिकेचे, सरावाची सोय आहे, आणि रोलबॅकमुळे, म्हणजे इंटरनेटचा उशीर झाकणाऱ्या तंत्रामुळे, लांबच्या माणसाशी खेळतानाही बटण वेळेवर लागतं. तो पीसी, पीएस४, स्विच आणि एक्सबॉक्स वनवर आहे, पण एका मशीनवरून दुसऱ्या प्रकारच्या मशीनवाल्याशी खेळता येत नाही, तेव्हा मित्राकडे काय आहे ते आधी विचारा. त्याच वर्षीच्या ‘कॅपकॉम आर्केड सेकंड स्टेडियम’मध्ये तिन्ही मूळ गेम सुटे मिळतात, पण तिथे ऑनलाइन सामना नाही; घरातल्या घरात खेळणाऱ्याला तेवढं पुरतं. २०१३ चा ‘डार्कस्टॉकर्स रिसरेक्शन’ हा हंटर-सेव्हिअरचा संग्रह पीएस३ आणि एक्सबॉक्स ३६० साठी होता. तुमच्याकडे आधीच असेल तर ठीक, मुद्दाम शोधू नका.

आणि आर्केडसारखी दांडा-बटणांची स्टिक लगेच विकत घेऊ नका. सहा बटणं लागतात, त्यातली दोन पॅडवर खांद्यावरच्या बटणांना जातात, म्हणून पहिला आठवडा जड ठोसा मारायला जाल आणि जड लाथ बसेल. सेटिंगमध्ये जाऊन ती आपल्या बोटांप्रमाणे लावून घ्या आणि मग अनाकारिस सोडून कुणालाही निवडा. त्या ममीला बसताच येत नाही, आणि ते सांभाळून खेळणं नवख्याचं काम नव्हे.