‘एचएचओ किट’ बसवण्याआधी हे वाचा

दाजींनी जुन्या पेट्रोल गाडीला ‘पाण्यावर चालणारं’ एचएचओ किट बसवलं. दावा असा की ते पाण्यातून हायड्रोजन-ऑक्सिजनचा वायू काढून इंजिनाला देतं आणि पेट्रोल वाचवतं. अठरा हजार रोख, बिल कच्चं. बॉनेटखाली स्टीलचा डबा, त्यात पाणी आणि चमचाभर ‘पावडर’, बॅटरीवरून दोन वायरी आणि एअर फिल्टरकडे गेलेली नळी. फिटरने नळी साबणाच्या पाण्यात बुडवली, फेसाला लायटर लावला. फट्ट! सौदा तिथेच पटला.

गंमत म्हणजे तो आवाज खरा होता. पाण्यातून वीज सोडली की हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटतातच. पण वीज येते कुठून? बॅटरी भरतो अल्टरनेटर, म्हणजे गाडीतला वीज बनवणारा जनित्र, तो फिरतो इंजिनाच्या बेल्टवर आणि इंजिन चालतं पेट्रोलवर. पाणी म्हणजे जळून गेलेल्या हायड्रोजनची राख. ते फोडायला जेवढी ऊर्जा घालाल, त्याहून जास्त जाळून परत मिळत नाही. प्रत्यक्षात तर खूपच कमी मिळते. 1 किलो हायड्रोजन काढायला साधारण 50 युनिट वीज जाते, तो जाळून 33 युनिटांएवढी उष्णता मिळते, आणि त्यातलीही बरीचशी इंजिन वाया घालवतं. दाजींचा डबा 12 व्होल्टवर 15 अँपिअर घ्यायचा, म्हणजे 180 वॉट. हायवेवर गाडीला दहा-पंधरा हजार वॉट लागतात!

तरी सुरुवातीला मायलेज वाढलं, हे कबूल. फिटरने प्लग साफ केले होते, टायरात हवा भरली होती, आणि किटच्या कौतुकात दाजी साठच्या वर जात नव्हते. मग आकडा पूर्वीवर आला. तक्रार केली तर आधी ‘डिस्टिल्ड पाणी वापरा’, मग ‘तुमचं इंजिनच थकलंय’, शेवटी फोन बंद. पावडर कॉस्टिक निघाली. डबा गळला आणि मेकॅनिकचा हात भाजला.

हा धंदा जुनाच आहे. अमेरिकेत ओहायोचा स्टॅनली मेयर पाण्यावर गाडी चालवण्याचा दावा करायचा. त्याच्या ‘वॉटर फ्युएल सेल’मध्ये तज्ज्ञांना साधं विद्युत विघटनच, म्हणजे वीज सोडून पाणी फोडणंच, सापडलं. 1996 मध्ये न्यायालयाने ती फसवणूक ठरवून दोन गुंतवणूकदारांचे 25,000 डॉलर परत करायला लावले. त्याच वर्षी तमिळनाडूत झाडपाल्यापासून इंधन बनवतो म्हणणाऱ्या रामर पिल्लेचं ‘पाल्याचं पेट्रोल’ गाजत होतं. त्याला 2016 मध्ये 3 वर्षांची शिक्षा झाली.

कुणी किट दाखवलं तर एवढंच म्हणा: इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या फ्युएल पंपाचा फ्यूज काढ आणि गाडी चालवून दाखव. आमच्या फिटरला नंतर एकदा गाठून हेच म्हटलं, तर म्हणाला, “साहेब, पेट्रोल तर लागणारच ना!”