आरसा की कॅमेरा? साइड मिररच्या हवेचा हिशोब

काही गाड्यांत बाजूच्या आरशाऐवजी छोटा कॅमेरा असतो आणि मागचं चित्र आतल्या स्क्रीनवर दिसतं. ऑडी ई-ट्रॉन या इलेक्ट्रिक गाडीचं उदाहरण घ्या, साध्या आरशांवर गाडीचा ड्रॅग कोइफिशंट (गाडीच्या आकाराला हवा किती अडवते याचा आकडा, कमी तेवढा चांगला) ०.२८ आणि कॅमेरा लावला की ०.२७. आकडा एवढासा दिसतो पण हायवेवर हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे स्पीड दुप्पट तर विरोध चौपट, त्यामुळे इलेक्ट्रिक गाडीत तो एक शतांशही बॅटरीला जाणवतो. शिवाय कॅमेऱ्यामुळे गाडीची रुंदी १५ सेंटीमीटरने कमी होते, गल्लीबोळात हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आता आरसा. खरा त्रास पुढच्या गोलाईचा नाही, मागच्या सपाट काचेचा आहे. तिथे हवा एकदम सुटते, भोवरे होतात, मागचा दाब कमी होतो आणि आरसा जणू मागे ओढला जातो. म्हणून कव्हर मागे निमुळतं करतात, आरसा दांडीवर दरवाज्याला लावून खिडकीपासून लांब ठेवतात म्हणजे मधून हवा मोकळी जाते. पावसात गाडी चालवताना कव्हरच्या कडेची खाच नीट बघा, पाणी तिच्यातून खाली वाहून जातं आणि काचेवर कमी येतं, हे पण हवेचंच काम!

कॅमेऱ्याची अडचण डोळ्यांची. आरशात नजर लांबचंच बघते, स्क्रीन मात्र हातभर अंतरावर, चाळिशी लागलेल्याला दरवेळी फोकस बदलावा लागतो. लेक्सस ईएस या गाडीवर २०१८ मध्ये जपानमध्ये असे कॅमेरे आले, पण किंमत आणि दुरुस्ती बघता रोजच्या गाडीला मी चांगल्या आकाराचा आरसाच घेईन, लांब पल्ल्याच्या ईव्हीला (इलेक्ट्रिक गाडीला) कॅमेरा.