गॅलिसियातील सरकारी आल्बेर्गे: पायी यात्रेकरूंच्या हक्काचा मुक्काम

स्पेनमधल्या गॅलिसिया प्रांतातील सांतियागो या तीर्थक्षेत्राकडे जाणाऱ्या ख्रिस्ती यात्रेच्या वाटेवर 1985 मध्ये यात्रा-प्रमाणपत्रं हजारभरही दिली गेली नव्हती; 2024 मध्ये ती जवळपास 5 लाखांपर्यंत गेली. खासगी खोल्या आगाऊ भरतात, बॅगा गाडीने पुढे जातात. गॅलिसिया सरकारच्या, 1993 पासून उभ्या राहिलेल्या आल्बेर्गे या यात्रीनिवासांनी मात्र जुनी रीत टिकवली आहे, आणि त्याचं मोल मोठं आहे. आरक्षण नाही, पायी येणाऱ्याला प्राधान्य, मुक्काम एकच रात्र. पाठीवरची पिशवी स्वतःच आणायची. गाडीने पाठवलेली घेत नाहीत. क्रेदेन्सियाल, म्हणजे शिक्क्यांचं यात्रापत्र, दाखवावंच लागतं.

उणीव स्वयंपाकघरात! शेगडी असते, भांडी बहुतेक ठिकाणी नसतात. हलकं पातेलं सोबत ठेवा. वाटेवरच्या सारिया गावानंतर गर्दी वाढते. तिथे दार उघडण्याआधीच पोहोचा.