काउच टू ५के वालं ॲप वापरलं, पाचपैकी चार स्टार

काउच टू ५के म्हणजे सोफ्यावरून उठून ५ किलोमीटर पळण्यापर्यंत नेणारा प्लॅन. आधी सांगते, या नावाची आणि याच प्लॅनची बरीच ॲप्स आहेत, सगळी साधारण सारखीच, मी त्यातलं एक फुकटवालं घेतलं. मूळ प्लॅन जॉश क्लार्क नावाच्या अमेरिकन माणसाने १९९६ मध्ये बनवला, आपल्या पन्नाशीतल्या आईने पळायला लागावं म्हणून. ९ आठवडे, आठवड्यातून ३ दिवस, दर वेळी अर्धा तास. बस.

माझं वय ४६. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची रक्ततपासणी, ६.१ आलं होतं, म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर. रिपोर्ट बघून माणूस घाबरून लगेच व्यायामाला लागतो असं वाटतं ना, मी तीन महिने तो रिपोर्ट फ्रिजवर मॅग्नेटने लावून ठेवला आणि त्याच फ्रिजमधून श्रीखंड काढून खाल्लं. त्याआधी एका जिमचे वर्षाचे पैसे भरून झाले होते, पहिल्याच दिवशी तिथल्या पोराने इतक्या बैठका काढायला लावल्या की पुढचे चार दिवस जिना उतरताना कठडा धरून उलटी उतरत होते, परत गेलेच नाही.

मग पाडव्याला मुहूर्त म्हणून हे ॲप टाकलं. पहिला दिवस काय तर ५ मिनिटं भरभर चालायचं, मग ६० सेकंद पळायचं, ९० सेकंद चालायचं, असं २० मिनिटं. ६० सेकंद! मला हसूच आलं. शिवाजी पार्कच्या कट्ट्याला लागून सकाळी सहाला सुरू केलं आणि चाळिसाव्या सेकंदाला हसू गेलं. पण आता मरते असं वाटायच्या आत कानात ॲपमधल्या आवाजातली बाई म्हणते, थांबा, चाला. हेच मला या ॲपचं सगळ्यात आवडलं. जिमवाला म्हणायचा अजून पाच, अजून पाच, आणि ही बाई स्वतःहून थांबवते, त्यामुळे सोडून द्यायची वेळच येत नाही. घरी जाताना उलट वाटायचं की अजून थोडं जमलं असतं. आणि रोज पळू नका, मध्ये एक दिवस सुट्टी घ्या असंही तेच सांगतं, माझ्यासारख्या आळशी बाईला अजून काय पाहिजे.

हो, पाचवा आठवडा मात्र दगा देतो. त्या आठवड्यात पहिल्या दिवशी ५-५ मिनिटं, दुसऱ्या दिवशी ८-८, आणि तिसऱ्या दिवशी एकदम सलग २० मिनिटं, मध्ये चालणं नाही. मला वाटलं ॲप बिघडलं. दोनदा फसलं, तिसऱ्यांदा झालं, कसं झालं माहीत नाही, कारण मी वेगच इतका कमी केला होता की एक आजी चालत माझ्या पुढे गेल्या.

मे महिन्यात गावी गेले, दोन आठवडे फक्त आंबे. परत आले तेव्हा ॲप काही बोललं नाही, मीच गपचूप दोन आठवडे मागे गेले. असं मागेपुढे करत ९ आठवड्यांचे माझे १५ झाले, तोपर्यंत पाऊस पण सुरू झाला होता.

आता तक्रारी. जाहिराती खूप. एकदा घामाघूम होऊन कूलडाउन, म्हणजे शेवटचं सावकाश चालणं, संपवलं तर स्क्रीनवर चीज बर्स्ट पिझ्झा, काय म्हणावं. आवाज फक्त इंग्रजी, मराठी सोडा हिंदी पण नाही. आणि नावातच गडबड आहे, शेवटी सलग ३० मिनिटं पळता येतं हे खरं, पण तेवढ्यात ५ किलोमीटर व्हायला ताशी १० चा वेग लागतो, आपल्यासारख्यांना तो कुठून येणार? माझ्या पार्कच्या तीन फेऱ्या आणि वर थोडं होतं, म्हणजे पावणेचारच्या आसपास. पाच झाले नाहीत म्हणून वाईट वाटून घेऊ नका, मी आठवडाभर घेतलं, उगीच.

ॲप फुकट पण बूट फुकट नाहीत हेही सांगते. पहिले दोन आठवडे जुन्या चपट्या कॅनव्हासवर पळले आणि नडगी दुखायला लागली, शेवटी नीट बूट घेतले. खिसा असलेला कुर्ता शिवून घ्या, फोन हातात धरून पळणं म्हणजे वैताग. आणि उन्हाळ्यात पार्कातली लाल माती उडते ती नाकातोंडात जाते, म्हणून मी बाहेरच्या फुटपाथवरच.

वजन म्हणाल तर दोनच किलो उतरलं. शुगर ६.१ ची ५.८ झाली, पण रात्रीचा भात पण कमी केला होता, त्यामुळे सगळं क्रेडिट ॲपला देत नाही.

नवऱ्याने पण डाउनलोड केलंय. तो सध्या पहिल्या आठवड्यात आहे, तिसऱ्यांदा.