रोजची गोळी की प्रसंगापुरते शामक?

सोलापुरातील एखाद्या बालगृहात पंधरा वर्षांचा मुलगा वारंवार इतरांच्या अंगावर धावून जात असेल आणि समुपदेशनाने पुरेसा फरक पडत नसेल, तर मनोविकारतज्ज्ञापुढे साधारणपणे दोन पर्याय उरतात: ठरलेल्या मात्रेतील रोजचे रिस्पेरिडोन (एक मनोविकारविरोधी औषध) किंवा उद्रेकाच्या वेळीच दिले जाणारे लोराझेपामसारखे शामक.

रिस्पेरिडोनने तीव्र आक्रमकता अल्पकाळात कमी होते, याला चांगला आधार आहे. मात्र भूक व वजन वाढते, प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढू शकते, म्हणून वजन, रक्तशर्करा आणि रक्तातील चरबी यांची तपासणी ठरावीक काळाने करावी लागते. शिवाय या औषधाने शरीराची उष्णता सांभाळण्याची क्षमता मंदावू शकते, आणि मे महिन्यात पारा 40 अंशांपलीकडे जाणाऱ्या आपल्या शहरात ही बाब किरकोळ नव्हे.

शामकाचा परिणाम लवकर दिसतो, पण तो तेवढ्यापुरताच असतो. काही किशोरांमध्ये त्याने उलट संयम सुटून चिडचिड वाढते. रात्रपाळीला कर्मचारी कमी असले की हे औषध उपचाराऐवजी सोय होऊन बसते, हा मला त्यातला मोठा धोका वाटतो. त्यामुळे प्रत्येक मात्रेचे कारण लिहून ठेवण्याची तयारी नसेल, तिथे मी नियमित, पण मुदतबंद रिस्पेरिडोनच निवडेन.